पोट भरल्यासारखं आणि पोट भरलेलं

वस्तीतल्या दुकानांतही आता ‘डाएट’ चिवड्याची, बिस्किटांची पाकिटं लटकू लागली आहेत. कॅलरी कमी, तरी पोट भरल्यासारखं वाटेल म्हणे. ज्यांच्या ताटात जास्त झालं, त्यांच्यासाठी निघालेला हा माल. आमच्या बायकांना भूक मारायला कुणी शिकवायला नको. मिश्री आणि कोऱ्या चहावर त्यांनी दुसऱ्यांची धुणीभांडी उरकली आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तिथे पोट फसवून काय मिळणार?

साखर, वजन वाढलेल्यांनी खाणं आवरावंच, आम्हीही तेच सांगतो. पण पोट धरून ठेवतात ती प्रथिनं आणि चोथा. १०० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात. साल काढू नका. मोडाच्या मटकीवर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह अडतं.

सुजातेची खीर घेऊन सिद्धार्थाने उपासमार सोडली, हे विहारात येणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलीला पाठ आहे. तरी बारीक व्हायचं म्हणून ती डबा तसाच परत आणते. आज घरी आली की डबा उघडून बघा.