जॉइंटर? नको रे बाबा!

शनिवार-रविवारी घरीच स्टूल, टेबल, पुस्तकांचं कपाट बनवायचं वेड आयटीवाल्यांत पसरतंय. चांगलंच आहे. आठवडाभर जे बनवतो ते हातात धरता येत नाही, सुट्टीत तरी काही धरण्याजोगं व्हावं! पण सुरुवात होते ती "कुठलं जॉइंटर घेऊ?" या प्रश्नाने. माझं उत्तर ठरलेलं: कुठलंच नको. निदान पहिलं वर्षभर.

मुळात हे जॉइंटर, म्हणजे आपल्या मिस्त्रींचं रंधा मशीन, करतं काय? फळीची एक बाजू सपाट आणि कड तिच्याशी काटकोनात. बस्स. फळी सगळीकडे सारख्या जाडीची करायला वेगळा थिकनेसर लागतो. म्हणजे एक घेतलं की दुसऱ्याचा खर्च आलाच.

बरं, पर्याय काय? एक ते 'मल्टिपर्पज': रंधा, गोल करवत, ड्रिल, सगळं एकाच मोटरवर. अशा बऱ्याच मशीनांत करवत रंध्याच्याच शाफ्टवर असते. तुम्ही फळीला रंधा मारताय आणि शेजारी उघडं पातं गरगरतंय! ज्याचं पोट कीबोर्डवर, त्याने बोटांशी असला जुगार खेळू नये. दुसरं, टेबलावरचं छोटं जॉइंटर. त्याचा पाट जेमतेम अडीच फूट, म्हणून पाच फुटांपुढची फळी त्यावर सरळ करणं अवघड. तिसरा तो 82 मिमीचा इलेक्ट्रिक रंधा. लाकूड भराभर खातो, पण तळ आखूड, त्यामुळे फळीला बाक असेल तर तोही बाकाबरोबर वरखाली चालतो.

मी राहतो जालन्यात, मस्तगडाजवळ. गाव सळयांचं आणि बियाण्यांचं, लाकडाचं नव्हे. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठाक, आणि लगेच पाठोपाठ पावसाळा. मे महिन्यात मशीनवर सपाट केलेली फळी आषाढात पुन्हा पीळ धरू शकते. म्हणजे मशीन असलं तरी हातरंधा लागणारच. मग तोच आधी का शिकू नये?

तर मंडळी, जाड काम वखारीत पैसे देऊन करून घ्या. स्वतः घ्या पाच नंबरचा लोखंडी रंधा (लांबी साधारण 14 इंच), धारेचा दगड आणि गुण्या. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवून डोळा लावा, पीळ लगेच दिसतो. दोन फळ्या जोडायच्या असतील तर पुस्तकासारख्या मिटून शिकंज्यात धरा आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा मारा. कोन थोडा चुकला तरी फळ्या उघडल्यावर एकीची चूक दुसरी भरून काढते. हजारो रुपयांच्या मशीनचं काम फुकटात!

मशीनवाले म्हणतील, वेळ किती जातो! अहो, छंदच तो. वेळ वाचवायचा असेल तर तयार टेबल विकत मिळतं की.

असो. पाच वस्तू करूनही हौस टिकली तर खुशाल मशीन घ्या. फक्त पाटाची लांबी, दोन्ही पाट एका पातळीत येतात का आणि पात्यावर झाकण आहे का, एवढं बघा. झाकण नसेल तर दुकानातून तसेच परत फिरा.