श्वेतकेतूच्या पित्याचा अधिकार

शिशुवर्गाच्या प्रवेशाचे दिवस आले की मध्यमवर्गीय हिंदू घरांतून एक विलक्षण लगबग सुरू होते. अडीच-तीन वर्षांच्या बालकासाठी अर्ज, शिफारशी, ओळखीपाळखी. शिक्षण हक्क कायद्याने देणग्या आणि मुलाखती दोन्ही निषिद्ध ठरविल्या आहेत. म्हणून मुलाखतीला आता ‘संवाद’ म्हणतात, आणि त्या संवादात पित्याचा हुद्दा व मातेचे इंग्रजी तपासले जाते. प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात. ज्या घराने पेढे वाटले त्याने काय मिळविले, हे सर्वांना ठाऊक असते. काय देऊन टाकले, याचा हिशेब कोणी करीत नाही.

बालकाच्या जागेपणातील सहा-सात तास शाळेला, तासभर बसला, पुढे दोन तास शिकवणीला आणि उरलेले गृहपाठाला. धर्म, परंपरा, मातृभाषा, आजोळच्या गोष्टी यांच्या वाट्याला रविवार सकाळचा संस्कार वर्गाचा एक तास येतो. तोही परीक्षा जवळ आल्या की रद्द होतो. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणावर व्यासपीठावरून तासभर बोलणाऱ्या किती कार्यकर्त्यांची मुले त्याच मेकॉलेच्या साच्यातील शाळेत, तेही मोठ्या खटपटीने, घातली गेली आहेत, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरातच शोधावे.

या प्रवाहाबाहेर पाऊल टाकणारी थोडी कुटुंबे महाराष्ट्रात आहेत. पुण्या-मुंबईत आहेत, तशी लहान गावांतही आहेत. त्यांनी मुलांना शाळेत घातलेच नाही, किंवा घालून काढून घेतले. यांतील काही घरी अभ्यासक्रम लावतात; काही त्याही पुढे जाऊन अभ्यासक्रमाची चौकटच बाजूला ठेवतात आणि मुलाच्या कुतूहलामागे चालतात. या दुसऱ्या मार्गाला अमेरिकेतील शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये ‘अनस्कूलिंग’ हे नाव दिले. नाव परके आहे, म्हणून गोष्टही परकी आहे असे मानण्याचे कारण नाही.

गंमत अशी की इव्हान इलिच यांनी १९७१ मध्ये समाजालाच शाळामुक्त करण्याची भाषा केली, तेव्हा आपल्याकडील पुरोगामी मंडळींनी ती क्रांतिकारक म्हणून डोक्यावर घेतली. तीच गोष्ट अंगणात तुळशीवृंदावन असलेल्या घराने केली की ती प्रतिगामी ठरते, मुलाच्या हक्कांवरचा घाला ठरते. निरीश्वरवादी पित्याने मूल घरी शिकविले तर तो प्रयोग; श्रद्धावान पित्याने शिकविले तर ते मतारोपण! जणू शाळा कोणतेच मत रोपीत नाही. मातृभाषा दुय्यम आहे, हाताने केलेले काम हलके आहे, आजीला काही कळत नाही आणि गुणपत्रिकेवरील आकडा म्हणजे माणसाची किंमत, ही चार मते ती दहा वर्षे न बोलता शिकविते. इतके यशस्वी मतारोपण कोणत्याही मठाला साधलेले नाही.

छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतूची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. उद्दालक आरुणींनी पुत्राला बाराव्या वर्षी गुरुगृही धाडले. बारा वर्षांनी तो सर्व वेद शिकून आला आणि येताना मोठा अहंकार घेऊन आला. पित्याने एकच प्रश्न विचारला, आणि पुत्राच्या ध्यानात आले की नेमके तेवढेच शिकायचे राहिले आहे. मग पित्याने काय केले? पुन्हा कोणत्या आचार्यांकडे धाडले नाही. वडाचे फळ आणविले, ते फोडावयास लावले, आतील बी फोडावयास लावले. मीठ पाण्यात टाकून सकाळी ते शोधावयास सांगितले. पंधरा दिवस उपोषण घडविले आणि मग वेद म्हणून दाखव म्हटले. मुलाला काही आठवेना. अन्न आणि मन यांचा संबंध त्याला असा स्वतःच्या देहावर कळला. हिंदू तत्त्वज्ञानातील सर्वोच्च उपदेशांपैकी एक उपदेश घरात झाला, बापाने मुलाला केला, आणि त्याची साधने होती फळ, मीठ, पाणी व भूक. उपनिषदाने गुरुगृहाला कमी लेखलेले नाही. पण गुरुगृह झाले म्हणजे पित्याचे काम संपले, असेही मानलेले नाही. आज ते संपले असे मानले जाते.

इंग्रजांच्या दप्तरांतही या घरगुती विद्येची साक्ष आहे. मद्रास इलाख्याचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये देशी शिक्षणाची पाहणी आरंभली. धर्मपाल यांनी तिची कागदपत्रे १९८३ मध्ये ‘द ब्यूटिफुल ट्री’ या ग्रंथात प्रसिद्ध केली. मद्रास शहराच्या अहवालात शाळेत जाणारी मुले ५,५२३, आणि घरी शिकणारी २६,९६३! हा दुसरा आकडा खुद्द मन्रोंना अतिशयोक्त वाटला होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु तो निम्म्यावर आणला तरी शाळेतील मुलांच्या दुपटीहून अधिक मुले घरी शिकत होती असेच निघते. शाळा म्हणजेच शिक्षण, हे समीकरण या भूमीत दोनशे वर्षांपूर्वी कोणाला सुचलेही नसते.

तरीही ज्या जोडप्याने हा निर्णय घेतला, त्याची झोप उडालेली असते. सासरे विचारतात, शेजारी विचारतात, बैठकीतील ज्येष्ठ विचारतात. मग भीतीपोटी घरातच शाळा थाटली जाते. भिंतीवर फळा, दारावर वेळापत्रक, जेवणाच्या टेबलावर घटक चाचणी. शाळा सोडली, पण शाळेचे भय घरी आले. अशा घरातील मूल शाळेतील मुलापेक्षाही दुर्दैवी, कारण त्याला सुटीची घंटाही नाही!

श्रद्धावान पालकाचा आत्मविश्वास खरे तर येथेच दिसला पाहिजे. मूल म्हणजे रिकामे मडके, ही कल्पना हिंदू विचारात बसतच नाही. जीव आपले संस्कार, आपला स्वभाव घेऊन येतो. पूर्णत्व आत असतेच, शिक्षणाने ते प्रकट व्हावयाचे, हेच स्वामी विवेकानंदांचेही सांगणे होते. ज्याचा यावर विश्वास आहे त्याने सात वर्षांचा मुलगा अजून वाचत नाही म्हणून रात्री कपाळाला हात लावून बसावे, हे त्याच्या श्रद्धेशी विसंगत आहे. पुनर्जन्मावर विश्वास ठेवणाऱ्याला दोन वर्षे धीर धरता येऊ नये?

घरात शिकण्यासारखे काय असते, असे विचारणाऱ्यांनी भिंतीवरील पंचांगाकडे पाहावे. एखाद्या महिन्यात आजीची एकादशी आज आणि शेजारच्या वारकरी काकांची उद्या. मूल विचारते, एकादश्या दोन कशा? आजी सांगते, एक स्मार्त, एक भागवत. तेथून प्रश्नांची माळ सुरू होते. तिथी म्हणजे काय? सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचे अंतर पडले की एक तिथी. मग तिथी मध्यरात्री कशी काय बदलते? कधी एखादी गळते का? गणपती दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतात? चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल अकरा दिवसांची तूट साचत जाते आणि बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास घेऊन ती भरून निघते. जावयाला अनारसे का मिळतात, याचे उत्तर शोधताना दहा वर्षांचे मूल अपूर्णांक, कोन आणि ग्रहगती यांच्या दारात उभे राहते. महिनाभर रात्री गच्चीवर जाऊन चंद्राची जागा वहीत टिपली, तर पाठ्यपुस्तकातील प्रकरण त्याला सोपे वाटेल. त्यातच केरूनाना छत्रे आणि लोकमान्य टिळक यांची कथा येते. आकाशात दिसते एक आणि पंचांगात छापले जाते दुसरे, हे त्यांना सहन झाले नाही. वेधाशी जुळणाऱ्या गणिताचा त्यांनी आग्रह धरला. टिळकपंचांग त्या आग्रहातून आले. परंपरेवर निष्ठा आणि परंपरेची चूक सुधारण्याचे धैर्य एकाच माणसात कसे नांदते, हे मुलाला कळावयास याहून चांगला धडा मिळणार नाही.

आणि म्हणूनच एक गोष्ट स्वच्छ बोलली पाहिजे. अमेरिकेत धार्मिक वृत्तीच्या काही ख्रिस्ती कुटुंबांनी मुलांना घरी ठेवले ते उत्क्रांतिवाद त्यांच्या कानी पडू नये म्हणून. हिंदू पालकाला तशी भीती बाळगण्याचे प्रयोजन नाही. विज्ञानापासून मूल लपवून ठेवण्यासाठी जो शाळा सोडवितो, त्याने धर्माचे नाव घेऊ नये. सावरकरांचे तर मुळीच घेऊ नये.

“मूल एकटे पडेल” हा आक्षेप संघटनेच्या माणसाने घ्यावा, हे आश्चर्यच. एका वयाची, बहुधा एका आर्थिक थराची चाळीस मुले एका खोलीत कोंडणे म्हणजे समाज काय? सायंकाळच्या शाखेत रिक्षावाल्याचा मुलगा आणि डॉक्टरचा मुलगा एकाच गटात कबड्डी खेळतात. वारीत, कीर्तनात, गणेशोत्सवाच्या मंडपात सर्व वयांची, सर्व जातींची माणसे भेटतात. अट एवढीच की मुलाला तेथे खरोखर नेले पाहिजे. सोसायटीच्या बंद फाटकाआड, आपल्यासारख्याच चार घरांत जे गृहशिक्षण चालते, ते जातीच्या जुन्या भिंती नव्या रंगात उभ्या करते आणि समरसतेच्या मुळावर येते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींसाठी शाळा उघडली ती ज्यांच्यासाठी घरात विद्या नव्हती त्यांच्यासाठी. त्या लेकरांना शाळा हवीच, आणि चांगली हवी. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, वेळ आहे, आजी-आजोबा आहेत, त्याने आपल्या सोयीचे तत्त्वज्ञान करून गावातील शाळा ओस पाडू नये. घरी शिकणाऱ्या मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी वस्तीतील अभ्यासिकेला आठवड्यातील काही तास दिले, तर हे ऋण थोडेसे फिटेल.

आईवडील म्हटले खरे, पण प्रत्यक्षात सारा भार आईवर पडतो. ती नोकरी सोडते, ती नातेवाइकांची बोलणी खाते, आणि पिता सायंकाळी बैठकीत ‘कुटुंब प्रबोधन’ या विषयावर बोलून रात्री दहाला घरी येतो. उद्दालक हा श्वेतकेतूचा पिता होता, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

राहिला कायद्याचा प्रश्न. अर्ध्या पालकांचे भय याच एका शब्दात असते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याचे दहावे कलम बालकाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हणते. परंतु ते न केल्यास पालकाला शिक्षा सांगत नाही. चौथ्या कलमानुसार कधीच शाळेत न गेलेल्या बालकालाही वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळतो. म्हणजे परतीचे दार उघडे आहे. चौदा वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देता येते. त्यासाठी शाळेचा दाखला लागत नाही. या विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’साठी अडविण्याचा प्रयत्न झाला, त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ मध्ये तोही मार्ग मोकळा झाला. जर्मनीत मात्र २०१३ मध्ये श्रद्धेपोटी मुलांना घरी शिकविणाऱ्या एका ख्रिस्ती दांपत्याची चार मुले शासनाने तीन आठवडे ताब्यात घेतली, आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१९ मध्ये त्यात काही गैर पाहिले नाही. भारतातील पालकावर ती वेळ नाही.

मात्र मौन म्हणजे मान्यता नव्हे. या कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि मदरसे, वैदिक पाठशाळा व मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्याच्या कक्षेबाहेर गेल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात अल्पसंख्याकांच्या शाळाही बाहेर काढल्या. संस्थांना असे अभय मिळाले. घर ही जी सर्वांत जुनी संस्था, तिच्याविषयी कायद्यात एक शब्द नाही. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने नोटीस धाडली तर त्या आईने कोणते कलम दाखवावे? दहाव्या कलमाला एका वाक्याची पुस्ती जोडली, की घरी शिक्षण देणाऱ्या पालकाने नोंदणी करावी व ठरावीक वयात मुलाची मुक्त चाचणी व्हावी, तर हा प्रश्न मिटतो. २०१४ पासून केंद्रात ज्यांचे राज्य आहे ते भारतीय शिक्षणपद्धतीचे नाव नित्य घेतात. २०२० चे शैक्षणिक धोरणही त्यांनीच आणले. ते एक वाक्य लिहावयास त्यांना अडविले कोणी?