धामण मारू नका, ती आपली राखणदार आहे

विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की जुन्नर-आंबेगावात उसाचे फड मोकळे होऊ लागतात. तोड शेवटच्या पट्ट्यावर आली की आत दडलेली जनावरे बाहेर पडतात. बिबट्या दिसला तर वनखात्याला फोन जातो. धामण दिसली तर कोयते-काठ्या उठतात, आणि दहा मिनिटांत ती बांधावर मरून पडते. आपण आपलाच राखणदार मारला, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

धामण बिनविषारी आहे. तिचे मुख्य खाणे उंदीर. मांजराला बिळात शिरता येत नाही. धामण थेट आत जाते आणि पिलांसकट उंदीर फस्त करते. उंदराची मादी अवघ्या तीन आठवड्यांत वितेे, हे लक्षात घ्या. बुडख्याशी कुरतडलेला ऊस वाळतो, वाऱ्याने लोळतो. बांधाला बिळे पडली की कुकडीचे पाणी भलत्याच्याच शेतात जाते. औषध टाकले तरी शेजारच्या बांधातून उंदीर परत येतातच.

धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, असे अजूनही सांगतात. सापाच्या तोंडाची रचना दूध ओढण्याजोगी नसतेच. शिवाय आचळाला दात लागल्यावर गाय गप्प उभी राहील का? शेपटीत विष असते, ही समजूतही खोटी. डिवचली तर धामण चावते, पण त्यात विष नसते.

धामण एकटी सगळे उंदीर संपवील, असे मुळीच नाही. पण नाग आणि घोणसही उंदरांच्या मागेच येतात. घराजवळ उंदीर जितके कमी, तितका त्यांचा वावर कमी.

धामण लांब, सडपातळ असते. डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, शेपटीकडे काळसर जाळी, फणा नसतो. रंगामुळे मात्र ती नागासारखी भासते. म्हणून ओळख पटत नसेल तर ओळखायच्या नादी लागू नका, हातही लावू नका. लांब उभे राहा, वाट मोकळी ठेवा. साप घरात शिरला तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

दंश झालाच तर मांत्रिक नको, कापाकापी नको, आवळपट्टी नको. तडक दवाखाना गाठा. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत कित्येक वर्षे सर्पदंशावर उपचार करत आहेत. वेळेवर पोचलेला माणूस वाचतो.

सरपंच आणि पोलीस पाटलांनी तोड सुरू होण्याआधी टोळीच्या मुकादमाला बोलावून एवढे सांगावे: पायात बूट घाला, पाचट काठीने हलवा, धामणीला जाऊ द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे तिला मारणे गुन्हाही आहे. नागपंचमीला पूजा आणि एरवी काठी, हा हिशेब आपल्यालाच तोट्याचा आहे.