सांबा आणि आमच्या घरातली तीन यंत्रे

गेल्या महिन्यात आमचे चिरंजीव जरा वैतागूनच म्हणाले, "बाबा, सगळी यंत्रे एकाच कंपनीची घेऊन टाकू. कटकट मिटेल."

कटकट अशी. घरात तीन संगणक. सूनबाईंचा मॅक, नातवाचा विंडोज ११ वाला लॅपटॉप आणि माझा म्हातारा डेस्कटॉप. विंडोज १० ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली तेव्हा नातवाने त्यावर उबुंटू घालून दिले. तिघेही एकाच राउटरला जोडलेले, पण एकाची फाइल दुसऱ्याला दिसेल तर शपथ! आणि मला माझ्याकडच्या फायली त्यांना द्यायच्या होत्या. आमची ही जाऊन चार वर्षे झाली. नातू लहान असताना तिने त्याच्यासाठी गोष्टी सांगून रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, त्या या फायली.

चिरंजीवांचा उपाय मला पटला नाही. मी मराठी शिकवत असे. सरकारी नोकरांच्या बदल्यांमुळे वर्गात मालवणी बोलणारा असे, अहिराणी बोलणारा असे, वऱ्हाडी तर हमखास. सगळी मुले एकाच गावची घ्या, असे कोणी कधी म्हटले नाही.

नातवाने एक गोष्ट सांगितली आणि मी कान टवकारले. फायली वाटून घ्यायची या यंत्रांची एक भाषा आहे, एसएमबी. तिच्या आवृत्त्यांना चक्क 'डायलेक्ट', म्हणजे बोली म्हणतात. मागणारे यंत्र आधी आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पुढे करते, देणारे त्यातली दोघांनाही येणारी सर्वांत नवी बोली निवडते, आणि मग बोलणे सुरू होते. आमच्या स्टाफरूममध्ये याहून वेगळे काय होत होते?

विंडोजची ही भाषा लिनक्सला येते ती सांबा नावाच्या मोफत प्रणालीमुळे. ('शोले'तला नव्हे हो! एस, एम, बी ही अक्षरे असलेला शब्द शब्दांच्या यादीत शोधताना हा सापडला.) ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने १९९१ च्या अखेरीस तिची सुरुवात केली. व्याकरणाचे पुस्तक हाती नसताना तारेवरून जाणारे बोलणे ऐकत तो ही भाषा शिकला. उपमा त्याचीच आहे: फ्रेंच हॉटेलात बसायचे, लोक काय मागतात आणि पुढ्यात काय येते ते पाहायचे. मूल आईची भाषा अशीच शिकते.

व्याकरण मिळायला मात्र फार वर्षे गेली. २००४ मध्ये युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि इतरांना लागणारी माहिती द्यायला सांगितले. मायक्रोसॉफ्ट कोर्टात गेली, २००७ मध्ये हरली, आणि त्याच डिसेंबरात सांबावाल्यांना १०,००० युरो भरून ती कागदपत्रे मिळाली. ज्या भाषेत चार घरची यंत्रे बोलणार, तिचे व्याकरण एकाच्या कुलपात असावे हे मला मान्य नाही. एकाच कंपनीची यंत्रे घेणे म्हणजे ते कुलूप आपणच विकत आणणे.

असो. मूळ फायली होत्या माळ्यावरच्या विंडोज एक्सपीवर. त्याला फक्त पहिली, सर्वांत जुनी बोली येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाची कीड त्याच बोलीच्या विंडोजमधल्या भगदाडातून जगभर पसरली होती, म्हणून नवी यंत्रे तिला दारातूनच परत पाठवतात. बोली मरू देऊ नयेत असे मी जन्मभर शिकवले. इथे मात्र पेन ड्राइव्हने फायली काढून घेतल्या आणि एक्सपीला नेटवर्कपासून लांबच ठेवले.

पुढचे दोन दिवस पासवर्डने खाल्ले. उबुंटूचा पासवर्ड असला तरी सांबाचा पासवर्ड स्वतंत्रपणे ठरवून द्यावा लागतो, हे मला ठाऊक नव्हते. रोज योग्य शब्द टाइप करायचा आणि रोज नकार ऐकायचा! शेवटी सांबासाठी वेगळा ठरवला, आणि 'आजीच्या गोष्टी' हा फोल्डर दोन्ही लॅपटॉपवर उघडला.

चिरंजीव अजून म्हणतात, महिनाभर घालवलात. घालवला खरा. काल सूनबाईंनी स्वयंपाकघरात मॅकवर एक गोष्ट लावली. मध्येच कुकरची शिट्टी झाली म्हणून त्या गॅसकडे धावल्या. गॅसवर काहीच नव्हते. शिट्टी हिच्या रेकॉर्डिंगमधली होती.