पुन्हा प्याला म्हणून दार लावू नका

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडसारख्या जंगलातल्या गावातून एखादा माणूस दारू सोडायला निघतो, तेव्हा उपचार करणारे त्याच्याशी कसे वागतात यावर सारे अवलंबून असते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. बंदीने दुकान बंद होते, तलफ नाही.

कोणी कर्मचारी म्हणतो, “मन घट्ट कर, गोळ्या कशाला?” कोणी गोळ्या देऊन मोकळा होतो. आम्हाला दोन्ही अपुरे वाटते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर हात कापतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. तिथे औषधच हवे. पुढे टिकायला मात्र माणसांचा आधार लागतो. म्हणून पुण्याच्या मुक्तांगणने व्यसनातून सुटलेल्यांनाच समुपदेशक केले. गडचिरोलीत 2016 साली सुरू झालेल्या मुक्तिपथने गावातच उपचार शिबिरे भरवली.

साखर वाढली म्हणून मधुमेहाच्या रोग्याला कोणी हाकलत नाही. मग पुन्हा प्यायलेल्यालाच का हाकलावे? माता-भगिनींनो, घरच्या माणसाला उपचाराला न्याल तेव्हा हक्काने विचारा: औषध कोण देणार? नंतर चौकशी कोण करणार? आणि तो घसरला, तर परत घेणार ना?