गाडीचे ऑइल : डबा घेण्याआधी अक्षरे वाचा



एका शेतकरी वाचकाने विचारले आहे : “मुलाने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणे, आठवड्याचा बाजार आणि अधूनमधून वैरणीचा भारा, एवढे तिचे काम. घरात ट्रॅक्टरच्या ऑइलचा मोठा डबा आहे. मी म्हणतो, तेच मोटारसायकलीत घालावे. दुकानदार म्हणतो महागातले घ्या. मिस्त्री म्हणतो जाड ऑइल घाला, इंजिन थंड राहील. कोणाचे ऐकावे?”

प्रश्न एका घरचा नाही, घरोघरचा आहे. म्हणून या खेपेस सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर असे की, तिघांपैकी कोणाचेच ऐकू नका. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकाचे ऐका. पण पुस्तकात जे लिहिले आहे त्याचा अर्थ कळला, तर माणूस दुसऱ्यांदा कोणाच्या सांगण्यावर जात नाही.

एका ऑइलवर तीन कामे

पहिली गोष्ट म्हणजे, मोटारसायकल आणि ट्रॅक्टर यांच्या इंजिनाची घडण सारखी नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनात घातलेले ऑइल इंजिनातच राहते. त्याच्या गिअर बॉक्सचे ऑइल निराळे असते, आणि मुख्य क्लच बहुधा कोरडा असतो. आपल्या नेहमीच्या चार-स्ट्रोक मोटारसायकलीत मात्र एकच ऑइल इंजिनाला वंगण देते, गिअरच्या दात्यांना सांभाळते आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात.

क्लचचे काम घर्षणावर चालते. प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरले, तरच इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते. मोटारीच्या कित्येक ऑइलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. मोटारीला ती चांगली, पण मोटारसायकलीच्या क्लचला वाईट. प्लेटा निसटू लागतात. चढावर रेस वाढवली तर आवाज वाढतो, वेग वाढत नाही. भारा लादलेला असला की जळका वास येतो. अशा वेळी माणूस क्लच प्लेटांना दोष देतो आणि नव्या बसवतो, पण ऑइल तेच राहिले तर नव्या प्लेटांचीही तीच गत होते.

डब्यावरची तीन अक्षरचिन्हे

डबा हातात घेतला की पुढचे चित्र पाहू नका, मागची बारीक अक्षरे वाचा. चष्मा लागत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली खूण ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’. जासो हे जपानी मानक आहे. बुडत्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी ऑइल योग्य आहे की नाही, हे त्यावरून कळते. ही खूण नसेल, तर ऑइल कितीही महाग असो, मोटारसायकलीसाठी घेऊ नका. ‘एमबी’ लिहिलेले ऑइल निराळे. ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते, कारण तिचा क्लच ऑइलात नसतो. घरात सूनबाईंची स्कूटर आणि मुलाची मोटारसायकल अशी दोन्ही वाहने असली, तर दोन डबे निरनिराळे ठेवा आणि त्यांवर खडूने मोठी खूण करा.

दुसरी खूण ‘एपीआय’ या अक्षरांपुढची. त्यात ‘एस’ने सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनाचा आणि ‘सी’ने सुरू होणारा डिझेल इंजिनाचा. एसजे, एसएल, एसएम, एसएन असे दर्जे क्रमाने नवे होत गेले आहेत. पुस्तकात एसएल लिहिले असेल, तर एसएल किंवा त्याहून नवा दर्जा चालतो, मात्र जासो एमए बरोबर हवेच. ट्रॅक्टरच्या डब्यावर बहुधा सीएफ-४, सीएच-४ किंवा सीआय-४ असे असते. डिझेलची काजळी धरून ठेवायची म्हणून त्यात घातलेल्या द्रव्यांची राख जास्त पडते. लहान पेट्रोल इंजिनात थोडे ऑइल नेहमीच जळते. ती राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर बसते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. त्यांच्या सायलेन्सरात धूर शुद्ध करणारे यंत्र असते, त्यालाही ही राख मानवत नाही. म्हणून आमच्या वाचकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : ट्रॅक्टरचे ऑइल ट्रॅक्टरलाच घाला.

तिसरी खूण आकड्यांची. २०डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० असे आकडे असतात. यांचा बराच घोळ होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पातळ की जाड?

‘डब्ल्यू’ हे इंग्रजीतल्या हिवाळा या शब्दाचे पहिले अक्षर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहते ते सांगतो, आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, ते किती दाट राहते ते सांगतो. आकडा लहान, तितके ऑइल पातळ.

कित्येकांना वाटते की १०डब्ल्यू म्हणजे १० अंश थंडीसाठी. तसे नाही. २०डब्ल्यू ऑइलची थंडीची परीक्षा शून्याखाली १५ अंशांवर घेतात, तर १०डब्ल्यूची शून्याखाली २५ अंशांवर. आपल्याकडे निफाडच्या कडक थंडीतही इतका गारठा पडत नाही. तेव्हा २०डब्ल्यूचे ऑइल घातले म्हणून महाराष्ट्रात गाडी सुरूच होणार नाही, असे घडत नाही.

मग पातळ ऑइलाचा उपयोग काय? रात्रभर उभ्या गाडीतले ऑइल खाली उतरलेले असते. पहाटे किक मारल्यावर ते पंपाने वर माथ्यापर्यंत चढायला काही क्षण लागतात, आणि इंजिनाची झीज त्या क्षणांत जास्त होते. पातळ ऑइल लवकर चढते. शिवाय फिरणाऱ्या भागांना अडथळा कमी, म्हणून पेट्रोलही थोडे वाचते. ज्या इंजिनाच्या फटी बारीक ठेवून घडवले आहे, त्याला पातळच ऑइल हवे. याउलट ज्या इंजिनाची घडण दाट ऑइल धरून केली आहे, त्यात फार पातळ घातले तर तापल्यावर वंगणाचा पापुद्रा टिकत नाही.

म्हणूनच कंपनी-कंपनीत फरक आहे. हिरो आणि होंडाच्या अलीकडच्या लहान मोटारसायकलींना पुस्तकात १०डब्ल्यू-३० सांगितलेले असते, बजाजच्या बऱ्याच गाड्यांना २०डब्ल्यू-५०, आणि बुलेटला १५डब्ल्यू-५०. शेजाऱ्याच्या गाडीला जे मानवते ते आपल्या गाडीला मानवेलच असे नाही. पुस्तक हरवले असेल, तर आपल्या गाडीचे नाव आणि साल सांगून कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात विचारून घ्या आणि घरी लिहून ठेवा.

“जाड ऑइल घाला, इंजिन थंड राहील” हा समज खोटा आहे. जाड ऑइल ढवळायला इंजिनालाच जास्त जोर लागतो. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पुस्तकातल्या तक्त्यात दाटातले ऑइल दिले असेल तर जरूर वापरा, पण तक्त्याबाहेर जाऊ नका. जुने इंजिन निळा धूर टाकत असेल आणि ऑइल खात असेल, तर जाड ऑइलाने थोडे दिवस निभते एवढेच. रिंगा झिजल्या असतील, तर औषध त्यावर हवे.

साधे की सिंथेटिक?

ऑइल तीन जातींत मिळते : साधे खनिज, अर्धे सिंथेटिक आणि पूर्ण सिंथेटिक. सिंथेटिक जास्त उष्णता सोसते आणि जास्त दिवस टिकते, पण किंमतही जास्त. १०० ते १२५ सीसीच्या कामाच्या गाडीला, खुणा बरोबर असतील आणि वेळेवर बदलले, तर साधे ऑइल पुरते. महाग ऑइल घालून वर्षभर बदलायचे नाही, यापेक्षा साधे ऑइल वेळेवर बदललेले कधीही बरे. सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ यांपैकी कोणतेही घ्या. नावापेक्षा मागची अक्षरे महत्त्वाची.

केव्हा बदलावे?

नव्या गाडीचे पहिले ऑइल पहिल्या सर्व्हिसला बदललेच पाहिजे, कारण नवे भाग एकमेकांवर घासून बसताना धातूचा बारीक कीस त्यात उतरतो. पुढे पुस्तकात सांगितलेले अंतर पाळा. अनेक लहान गाड्यांना ते ६,००० किलोमीटर असते आणि मधे ३,००० ला पातळी भरून घ्यायला सांगितलेले असते. पण धुळीच्या वाटेसाठी आणि जड कामासाठी त्याआधी बदला, असेही त्याच पुस्तकात असते. ती ओळ आपल्यासाठीच आहे.

दुधाच्या फेऱ्यांची एक गोष्ट ध्यानात ठेवा. डेअरी एक-दीड किलोमीटरवर असते. इंजिन पुरते तापायच्या आत गाडी पोचते आणि बंद होते. आत धरलेला ओलावा आणि थोडे कच्चे पेट्रोल ऑइलातच राहते. मीटरवर किलोमीटर फार दिसत नाहीत, पण ऑइल मात्र खराब होते. अशा गाडीचे ऑइल किलोमीटर पुरे होण्याची वाट न पाहता निदान वर्षातून एकदा बदलावे. पावसाळा संपल्यावर, सुगीच्या आधी बदलले तर फार सोयीचे.

ऑइल काळे झाले म्हणजे बिघडले असे नाही. घाण पोटात धरणे हे त्याचे कामच आहे. मात्र दुधाळ, ताकासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. ओढ्यातून गाडी काढल्यावर हे होते. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी बुडालेली गाडी पाण्याबाहेर काढल्याबरोबर किक मारू नये. आधी ऑइल काढावे, हवेची वाट आणि प्लग पाहावा, मगच पुढे जावे.

काडी आठवड्यातून एकदा पाहा

चुकीच्या कंपनीच्या ऑइलापेक्षा ऑइल नसल्याने बसलेली इंजिने अधिक. म्हणून दर आठवड्याला पातळी पाहा. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा. दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा आणि तेवढाच वेळ थांबा. काडी काढून फडक्याने पुसा, परत घाला आणि बाहेर काढून बघा. काडीचे आटे आवळून पाहायचे की नुसती टेकवून, हे गाडीप्रमाणे बदलते, पुस्तकात पाहा. काही गाड्यांना काडीऐवजी काचेची खिडकी असते. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणेही वाईट. ऑइल फेसाळते, गळते आणि गाडी धूर टाकते.

बदलताना ऑइल कोमट असावे, म्हणजे गाळासकट उतरते. खालच्या बोल्टाचा वायसर दबला असेल तर नवा घाला. बोल्ट अंगचा जोर लावून आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातात. फिल्टर असलेल्या गाडीत फिल्टर बदला, जाळी असलेल्या गाडीत जाळी धुवा.

जुनी दोन-स्ट्रोकची गाडी, म्हणजे राजदूत, येझदी किंवा लुना, कोणाकडे अजून चालू असेल तर वरचे सगळे तिला लागू नाही. तिला पेट्रोलात मिसळायचे ‘२टी’ ऑइल लागते, आणि जिला गिअर बॉक्स आहे तिचे ऑइल निराळे असते.

नकली डबा आणि काळे ऑइल

सुटे ऑइल घेऊ नका. सील शाबूत आहे का, तारीख, बॅच नंबर आणि छापील किंमत आहे का ते पाहा, आणि पावती मागा. फार स्वस्त मिळाले तर शंका घ्या. आपला रिकामा डबा भंगारात देताना त्याला सुरीने भोक पाडा, म्हणजे त्यात दुसरे काही भरून कोणी विकणार नाही.

काढलेले काळे ऑइल ओढ्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते पाण्यावर पसरते, जमिनीत मुरते आणि वर्षानुवर्षे जात नाही. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासण्याची जुनी रीत आहे, गुरांच्या अंगाला लावणारेही आहेत. दोन्ही सोडून द्या. वापरलेल्या ऑइलात घातक द्रव्ये असतात आणि ती सतत कातडीला लागणे कर्करोगाला आमंत्रण आहे. हाताला लागले तर साबणाने धुवा. ऑइल जुन्या डब्यात साठवा आणि सर्व्हिस केंद्रावर द्या.

शेवटी घरच्या लक्ष्मीला एक विनंती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस कधी लावला हे आपण लिहिता. त्याच्याच शेजारी गाडीचे ऑइल कधी बदलले ती तारीख, मीटरचा आकडा आणि डब्यावरचा दर्जा लिहून ठेवा. गाडी कोणीही चालवो, हिशेब एकाच्या हाती असला म्हणजे चुकत नाही. आमच्या वाचकाच्या घरी दुधाचे पैसे ज्या गाडीवरून येतात, त्या गाडीला वर्षाला लागणारे एक लिटर ऑइल हा खर्च नव्हे. ती तिची वैरण आहे.

पुढच्या खेपेस चेन आणि टायर यांच्या निगेविषयी पाहू. आपले प्रश्न जरूर कळवा.