कुलूप आधी, किल्ली मागाहून

"फायनल, फायनली आणि फायनलाइज यांतला फरक सांगा." मंडळी, जावावर इंटरव्ह्यू दिलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न एकदा तरी विचारला गेलेला असतोच. उत्तरही सगळ्यांना पाठ असतं. गंमत बघा, यातल्या फायनलाइजवर २०१७ साली जावा ९ ने 'वापरू नका' असा शिक्का मारला, आणि २०२२ साली जावा १८ ने तर ते पुढेमागे काढूनच टाकणार असं जाहीर केलं. फायनलीचा फायनलशी नावापलीकडे काडीचाही संबंध नाही. उरला तो बिचारा फायनल. व्हेरिएबलला लावला तर पुन्हा व्हॅल्यू देता येत नाही, मेथडला लावला तर ओव्हरराइड करता येत नाही, क्लासला लावला तर एक्स्टेंड करता येत नाही. झालं, पुढचा प्रश्न! पण हा शब्द कशासाठी आहे, आणि तो न लिहिल्याने नक्की कुणाचं बिघडतं, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण हा नियम उलटा लावून बसलोय. सगळे क्लास, सगळी व्हेरिएबलं उघडी ठेवायची आणि अगदी गळ्याशी आलं की फायनल लावायचं, ही सवय चुकीची आहे. आधी सगळं बंद करा. ज्याला उघडायचं असेल त्याने कारण सांगून उघडावं. कुलूप आधी, किल्ली मागाहून.

"त्याने काय फरक पडतो? टीममध्ये सगळे समजूतदार आहेत की," असं म्हणणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

आधी व्हेरिएबल घेऊ. फायनल लिस्ट लिहिली की ती बदलणार नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. साफ चूक. फायनलमुळे फक्त नावाची पाटी पक्की होते, पाटीमागच्या घरात कोण येतं-जातं यावर त्याचा काहीही ताबा नाही. लिस्टमध्ये खुशाल भर घाला, खुशाल रिकामी करा, कंपायलर तोंडातून ब्र काढणार नाही. ॲरेचंही तेच. याची किंमत जावाने अगदी सुरुवातीलाच मोजली आहे. १९९७ च्या एप्रिलमध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी जेडीके १.१.१ मधलं एक भोक दाखवून दिलं. एखाद्या क्लासवर कुणाकुणाच्या डिजिटल सह्या आहेत हे सांगणारी गेटसाइनर्स नावाची मेथड होती. तिने यादीची प्रत द्यायला हवी होती, तर ती आतला खरा ॲरेच हातात देत होती! मग काय, ॲपलेटने त्या ॲरेत आपल्याला हव्या त्या विश्वासू माणसाची सही घालायची आणि स्वतःचे अधिकार वाढवून घ्यायचे. बँकेने सह्यांचं रजिस्टर गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं आणि सोबत पेनही द्यावं, तसलाच प्रकार.

तेव्हा पाटी पक्की असणं वेगळं आणि घर पक्कं असणं वेगळं. दुसऱ्याला म्हणतात इम्युटेबल. एकदा ऑब्जेक्ट बनला की त्याच्या आत काहीही बदलत नाही, बदल हवा असेल तर नवा ऑब्जेक्ट घ्या. जावाचा स्ट्रिंग असा आहे. जुना डेट क्लास मात्र असा नाही. एम्प्लॉयीची जॉइनिंग डेट गेटरमधून बाहेर दिली की घेणारा ती परस्पर बदलू शकतो, आणि एम्प्लॉयी ऑब्जेक्टला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जुन्या कोडमध्ये जागोजागी डेटच्या प्रती काढलेल्या दिसतात. २०१४ साली जावा ८ मध्ये तारखांचं नवं पॅकेज आलं. त्यातला लोकलडेट इम्युटेबल आहे आणि फायनलही आहे. प्रतींची भानगडच संपली.

आणि हे फक्त नीटनेटकेपणासाठी नाही. दोन थ्रेड एकाच वेळी तोच ऑब्जेक्ट वापरत असतील आणि तो बदलतच नसेल, तर लॉक कशाला हवा? हॅशमॅपमध्ये की म्हणून टाकलेला ऑब्जेक्ट नंतर बदलला, तर त्याचा हॅशकोड बदलतो आणि मॅपमध्ये असलेली नोंद शोधूनही सापडत नाही. असा बग शोधायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस ज्याचे जातात तो सहसा मूळ कोड लिहिणारा नसतो. तो केव्हाच दुसऱ्या प्रोजेक्टवर, किंवा दुसऱ्या कंपनीत, गेलेला असतो.

आता कॉन्स्टंट. पब्लिक स्टॅटिक फायनल हे तीन शब्द आपण मंत्रासारखे टाइप करतो. पण कॉन्स्टंट कशाला म्हणायचं याचा विचार किती जण करतात? आठवड्याचे दिवस सात, हा कॉन्स्टंट. कराचा दर हा कॉन्स्टंट? मी पाहिलेल्या एका बिलिंग सिस्टीममध्ये जीएसटीचा वरचा दर, २८, एका कॉमन जारमध्ये असाच ठेवला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, मोठे टीव्ही, सिमेंट अशा वस्तूंवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. टीमने आकडा बदलला, कॉमन जार नवा चढवला आणि मंडळी निश्चिंत झाली. दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये १८ आणि बिलावर २८! कारण असं की, प्रिमिटिव्ह किंवा स्ट्रिंग प्रकारचा असा कॉन्स्टंट जावा कंपायलर वापरणाऱ्याच्या क्लास फाइलमध्येच चिकटवून टाकतो. बिलाचं मॉड्यूल पुन्हा कंपाइल केलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या पोटात जुनाच आकडा होता. जावाच्या स्पेसिफिकेशनमध्ये याबद्दल चक्क इशारा दिलेला आहे की जे खरोखर कधीच बदलणार नाही तेच असं लिहा. सी शार्पमध्ये कॉन्स्टचं वागणं असंच आहे, म्हणून तिथे रीडओन्ली वेगळा ठेवलाय. तो आकडा प्रोग्रॅम चालताना वाचला जातो.

म्हणजे पब्लिक कॉन्स्टंट हे जगाला दिलेलं वचन आहे. 'आज बदलत नाही' आणि 'कधीच बदलणार नाही' यांत फरक न करता वचन दिलं, की ते निस्तरायला रात्रपाळीचा माणूस बसतो.

आता खरी भांडणाची जागा, इनहेरिटन्स. समजा एक बिल नावाचा क्लास आहे. त्यात दोन मेथड: एक वस्तू घालणारी, दुसरी अनेक वस्तू एकदम घालणारी. दुसऱ्या टीमने तो एक्स्टेंड केला आणि दोन्ही मेथड ओव्हरराइड करून प्रत्येक वस्तूमागे गिऱ्हाइकाला पॉइंट द्यायला सुरुवात केली. सगळं छान चालू. सहा महिन्यांनी बिल क्लासच्या मालकाने साफसफाई केली: अनेक वस्तू घालणारी मेथड आता आतून एक वस्तू घालणारीलाच पुन्हापुन्हा बोलावते. त्याच्या सगळ्या टेस्ट हिरव्या. तिकडे पॉइंट मात्र दुप्पट! चूक कुणाची? मालकाने स्वतःच्या घरातलं कपाट हलवलं, सबक्लासवाल्याने भाषेने दिलेली सोय वापरली. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तरीही दुकानदाराचं नुकसान झालंय. घर फिरलं की वासे फिरतात, ते असे.

आपल्याकडे जमिनीचे व्यवहार केलेल्या कुणालाही हे पटकन कळेल. सातबाऱ्यावर एकदा वारसांची नावं चढली की जमीन विकायला निघालात तर प्रत्येकाची सही गोळा करत फिरावं लागतं. उघडा क्लास म्हणजे कुणीही यावं आणि सातबाऱ्यावर नाव लावून जावं. आणि लायब्ररी बाहेर दिलेली असेल तर ही नावं कुणाची आहेत हेही मालकाला ठाऊक नसतं.

पुरावा हवा? जावातच आहे. स्टॅक हा क्लास व्हेक्टरला एक्स्टेंड करतो. त्यामुळे ज्यात फक्त वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं, त्या स्टॅकच्या मधोमध वस्तू घुसवता येते. प्रॉपर्टीज हॅशटेबलला एक्स्टेंड करतो, त्यामुळे जिथे फक्त स्ट्रिंग असायला हव्यात तिथे वाट्टेल तो ऑब्जेक्ट टाकता येतो. दोन्ही जेडीके १.० पासून, म्हणजे १९९६ पासून तशाच आहेत. चुका आहेत हे सगळ्यांना मान्य, पण दुरुस्त करणार कोण? जगभरचा कोड त्यावर उभा आहे.

याउलट स्ट्रिंग बघा. फायनल क्लास, आतलं सगळं प्रायव्हेट, बदलणं नाही. कुणाला एक्स्टेंड करता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं लोकांनी बोटं मोडली. पण २०१७ साली जावा ९ मध्ये स्ट्रिंगच्या पोटातला कॅरेक्टरचा ॲरे काढून तिथे बाइटचा ॲरे बसवला गेला, मेमरी वाचावी म्हणून. जगातल्या जवळजवळ प्रत्येक जावा प्रोग्रॅमच्या पायातला दगड बदलला, आणि बहुतेक प्रोग्रॅमरांना ते जाणवलंही नाही! हे त्या कुलपामुळे शक्य झालं. फायनलने लिहिणाऱ्याचं स्वातंत्र्य जातं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावं.

आता आक्षेप घेऊ, कारण ते आहेत आणि सगळेच फालतू नाहीत.

पहिला: "लायब्ररीत एक छोटा बग आहे, क्लास फायनल आहे, मी काय करू?" ही अडचण खरी आहे. पण क्लास कुणी नुसता कुलूप लावून ठेवावा असं मी म्हणत नाहीये. बाजूला एक इंटरफेस द्या. मग वापरणाऱ्याला मूळ ऑब्जेक्ट आत ठेवून बाहेरून आपला क्लास गुंडाळता येतो. जॉशुआ ब्लॉकने 'इफेक्टिव्ह जावा'मध्ये २००१ सालीच सांगितलंय की इनहेरिटन्ससाठी नीट डिझाइन करून तसं लिहून ठेवा, नाहीतर बंदी घाला. आपण तिसराच मार्ग काढला: डिझाइनही नाही आणि बंदीही नाही.

दुसरा: "टेस्टमध्ये मॉक करता येत नाही." जुनी गोष्ट झाली. मॉकिटोने २०१६ साली दुसऱ्या आवृत्तीत सेटिंग बदलून ही सोय दिली, आणि २०२३ च्या पाचव्या आवृत्तीपासून ती आपोआप चालू असते.

तिसरा: "हायबरनेट आणि स्प्रिंगला उघडे क्लास लागतात." बरोबर. जेपीएचा नियमच आहे की एंटिटी क्लास फायनल नसावा. मग ते उघडे ठेवा की! तिथे कारण आहे, आणि माझी मागणी कारणाचीच आहे. एंटिटी उघडी लागते म्हणून बिलाचा हिशोब करणारा क्लासही उघडा, हा कुठला न्याय?

चौथा: "प्रत्येक बदलाला नवा ऑब्जेक्ट, म्हणजे स्पीड गेला." हजारो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये स्ट्रिंग जोडत बसलात तर जाईलच. त्यासाठी स्ट्रिंगबिल्डर आहे. मेथडच्या आत हवं तेवढं बदला, बाहेर देताना पक्कं करून द्या. आणि जाता जाता, फायनल लावल्याने मेथड वेगात पळते ही समजूतही सोडा. कुठली मेथड ओव्हरराइड झालेली नाही हे हॉटस्पॉट स्वतःच शोधून काढतो. फायनल माणसासाठी आहे, मशीनसाठी नाही.

भाषा बनवणारे कधीच या बाजूला आलेत. सी शार्पमध्ये २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासून व्हर्च्युअल लिहिल्याशिवाय मेथड ओव्हरराइड होत नाही. रस्टमध्ये म्यूट लिहिल्याशिवाय व्हेरिएबल बदलत नाही. २०१६ साली आलेल्या कोटलिनमध्ये ओपन लिहिल्याशिवाय क्लास एक्स्टेंड होत नाही. खुद्द जावाने २०२१ साली रेकॉर्ड आणले, जे मुळातच फायनल असतात, आणि त्याच वर्षी जावा १७ मध्ये सील्ड क्लास पक्के केले, ज्यात वारस कोण ते मालक स्वतः नावानिशी लिहून देतो. सातबाऱ्यावर बाहेरच्या कुणाला परस्पर नाव चढवता येत नाही.

पण जावाला मागचं सगळं सांभाळायचंय, त्यामुळे तिथे साधा क्लास उघडाच राहणार. म्हणजे सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागणार. सोमवारी कोड रिव्ह्यूला बसाल तेव्हा "हा फायनल का केलास?" हा प्रश्न थांबवा. "हा उघडा का ठेवलास, आणि कुणासाठी?" एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर ते क्लासच्या वर कॉमेंटमध्ये लिहायला सांगा. "असंच राहिलं" हे उत्तर आलं, तर फायनल लिहून मगच मर्ज करा. पाच अक्षरांचं टायपिंग आहे, आणि पुढे कुणाची तरी शनिवारची रात्र वाचणार आहे.